एकाच कुळाचे बी

डॉक्टरांनी विचारले, "घरात एखादं मूल अगदी तान्हं असताना गेलं आहे का?" आणि माझ्या मुलीने "नाही" असे उत्तर दिले. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. मी काही बोललो नाही.

मुलगी खोटे बोलली नव्हती. तिला एवढेच ठाऊक होते की आईचे पहिले बाळंतपण ‘वाया गेले’. ते मूल पोटातच गेले असा तिचा लहानपणापासूनचा समज होता, आणि तो दूर करणे आम्हा दोघांना कधी जमले नाही. खरे म्हणजे मला जमले नाही. तिच्या जन्माआधी तीन वर्षे आमच्या घरी एक मुलगा जन्मला होता. तो एकोणीस दिवस जगला.

"लग्नाआधी तुम्ही दोघं नात्यातले होता का?" डॉक्टरांचा पुढचा प्रश्न.

"आत्याचाच मुलगा," मुलगी हसून म्हणाली. "लहानपणी त्याची सायकल मी कालव्यात ढकलली होती. त्याचं उट्टं काढायला त्यानं लग्न केलं."

डॉक्टरही हसल्या, पण लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "तुम्हाला चौथा महिना लागतोय. पुढच्या गुरुवारी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञ आमच्याकडे येतात, त्यांना भेटून घ्या. येताना वंशावळ काढून आणा. कोण कुणाचं कोण, आणि कोण कशानं गेलं."

"ते अप्पा काढतील," माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलगी म्हणाली. "त्यांचा धंदाच तो. मक्याच्या वंशावळी लिहितात."

वंशावळीत पुरुषासाठी चौकोन काढतात आणि तो गेलेला असेल तर त्यावर तिरपी रेघ मारतात. गुरुवारला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मला कागदावर एक लहानसा चौकोन काढायचा होता, किंवा काढायचा नव्हता. नाही काढला, तर माझ्या मुलीच्या पोटातल्या जीवाची तपासणी अपुऱ्या माहितीवर होणार होती. काढला, तर एकतीस वर्षांचे माझे मौन त्या चौकोनाबरोबर उघड्यावर येणार होते.

माझे काम मक्याच्या पैदाशीचे आहे. भाताच्या या तमिळ मुलखात मका तसा परकाच. पण ओरत्तनाडूकडच्या लाल मातीत तो चांगला येतो, आणि आमचे छोटे संशोधनक्षेत्र त्याच बाजूला आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी तेथे एकच उद्योग करीत आलो. झाडाच्या तुऱ्याला कागदी पिशवी बांधायची, त्याच झाडाच्या कणसाला केस फुटण्याआधी दुसरी पिशवी चढवायची, आणि वेळ आली की त्याचाच पराग त्याच्याच केसांवर झटकायचा. बाहेरच्या परागाला शिरकाव नाही. अशा सहा-सात पिढ्या गेल्या की ‘शुद्ध’ वाण मिळतो. या शब्दाने कोणी फसू नये. दर पिढीला झाड खुजे होत जाते, कणीस आखडते, पान फिकटते. काही ओळींत तर पांढरी रोपे उगवतात. पांढरे रोप बियातल्या शिदोरीवर दहा-बारा दिवस जगते, इतर रोपांसारखेच वाऱ्यावर डोलते, आणि शिदोरी संपली की मान टाकते. तो दोष मूळच्या झाडात नव्हता असे नाही. तो होता, पण झाकलेला होता. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. घरातल्या घरात पराग फिरत राहिला, की दोन्हीकडून तीच बिघडलेली प्रत येण्याची पाळी येते.

असे दोन रोडके वाण, मात्र निराळ्या कुळांचे, एकमेकांशी जुळवले की पुढच्या हंगामात जे उभे राहते ते पाहून नवे विद्यार्थी हरखून जातात. माणूस आत शिरला तर दिसत नाही इतकी उंच, काळपट हिरवी झाडे, आणि मुठीत न मावणारी कणसे. एकाचे उणे दुसऱ्याने झाकलेले असते. संकराच्या जोमाचे सगळे गूढ एवढ्यात संपत नाही, पण बरेचसे संपते. अट एकच: कुळे निराळी हवीत. एकाच कुळातले दोन वाण जुळवले तर जोम येत नाही. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. घरी ते एकदाही उच्चारले नाही.

आमची माणसे मराठ्यांच्या राज्यात इकडे आली आणि इथलीच झाली. आता घरे मोजकी उरली आहेत. पुण्याकडचे पाहुणे आमची भाषा ऐकून तोंडाला पदर लावतात, आणि इथले शेजारी कितीही जिव्हाळ्याचे असले तरी सोयरिकीला आपलेच घर पाहतात. म्हणून आमच्या सोयरिकी आपापसांतच फिरत राहिल्या. त्यात या प्रांताची रीत अशी की भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क. माझ्या आईकडच्या आजोबांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केले होते. माझी पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी.

चार वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिरुवैयारूहून बसने आली. हातातल्या ताटात नारळ, विड्याची पाने आणि मोगऱ्याचा गजरा. ताट माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "मागायला आले नाही हं, घ्यायला आले. माझा हक्क आहे."

"अक्का, मुलांना एकदा विचारू," मी म्हणालो.

"मुलांनीच मला बसमध्ये बसवून दिलं रे! तुलाच तेवढं ठाऊक नाही. तिकडे मक्याची शेकड्यानं लग्नं लावतोस, माझ्या एका लेकाचं लावायला हात कापतो होय?"

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "त्यांना थोडा वेळ द्या अक्का. ते आधी पिशवी बांधतील, मग सांगतील."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा माझ्या तोंडाशी शब्द आले होते. अगदी साधे होते: दोघांची रक्ततपासणी करून घेऊ, मग ठरवू. पण ते बोललो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता की हे तुला केव्हापासून ठाऊक आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या पत्नीसमोर देण्याचे धैर्य मला नव्हते. मी नारळ उचलला. आमच्यात नारळ उचलला की शब्द दिला.

आता त्या एकोणीस दिवसांविषयी लिहिले पाहिजे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि संशोधनक्षेत्रात नुकताच लागलो होतो. मूल जन्मले तेव्हा चांगले रडले. पहिले काही दिवस दूधही प्याले. मग ते ओढेनासे झाले, सारखे झोपू लागले, आणि उचलले की कधी कापडासारखे लुळे पडे, तर कधी धनुष्यासारखे ताठ होई. इस्पितळात सलाईन लावले, औषधे दिली. आजाराला नाव कोणी दिले नाही. त्या दिवसांत पत्नी दोनदा-तीनदा म्हणाली, "याच्या लंगोटांना वास येतोय. गुळाचा पाक करपल्यासारखा."

"डोहाळ्यांत गोड गोड खात होतीस ना, त्याचाच," माझी अम्मा म्हणाली.

मी विज्ञान शिकलेला माणूस. मी म्हणालो, "साबणाचा असेल." लंगोट नाकाशी नेऊनही पाहिला नाही.

मूल गेल्यावर घराला कारण हवे होते, आणि ते तिसऱ्याच दिवशी सापडले. सातव्या महिन्यात, ग्रहण लागलेले असताना, गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवरून कापड उडाले म्हणून पत्नी ते धरायला वर गेली होती. झाले. पुढे कितीतरी वर्षे आमच्या घराण्यातल्या गरोदर मुलींना तिचे उदाहरण देण्यात आले. ती तेथेच बसलेली असे, पानाला चुना लावत, खाली मान घालून.

मी ग्रहण मानत नव्हतो. पण त्या वर्षी मला ते सोयीचे पडले. त्याच हंगामात माझ्या वाफ्यात पांढऱ्या रोपांची एक ओळ होती. मुलाला पोचवून आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि जे मनात आले ते मनातल्या मनात पुरले. ते बोललो असतो तर आजोबा, अम्मा, मामा, मी, आमचे लग्न, सगळेच आरोपी ठरलो असतो. ग्रहणाने काम एकाच बाईवर भागत होते.

पुढे मुलगी झाली, ती धडधाकट. तिच्या वेळचे नऊ महिने मी कसे काढले ते कोणाला कळले नाही. ती दुडुदुडु चालू लागली तेव्हा मी स्वतःला सांगितले की आता संपले. संपले नव्हते. ते तिच्यातही लपून पुढे आले असेल, हे मला कळत होते आणि मी ते कळू देत नव्हतो.

दवाखान्यातून आल्यावर त्या आठवड्यात मी वंशावळ तीनदा काढली. नात्यातले लग्न दुहेरी रेघेने दाखवतात. आजोबांची दुहेरी रेघ, आमची दुहेरी रेघ, आता मुलीची. मक्याच्या वहीत अशा रेघा मी डोळे मिटून ओढतो. इथे पेन्सिलीचे टोक दोनदा मोडले. मुलगी रोज फोन करी. तिने सहज म्हटले की आज जेवण गेले नाही, तरी तासाभराने मी पुन्हा फोन लावी. ती जिना चढताना दमली, तर मी तिच्या श्वासाकडे कान लावून उभा राही. डोळे मिटले की पांढरे रोप दिसे, आणि ते हिरव्या रोपांसारखेच डोलत असे. सर्वांत अधिक भय त्या डोलण्याचे होते.

मंगळवारी दुपारी पत्नी शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"त्या कागदात आपल्या मुलाला घालायला हवं," मी म्हणालो.

"मग घाला. कुणी नको म्हटलं?"

"मुलीनं डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. मी तिथे होतो. गप्प बसलो."

ती निवडत राहिली. मग मी उरलेलेही सांगितले. कुळे, दोन प्रती, पांढरी रोपे, आमचे नाते. माझे संपल्यावर तिने हातातली काडी ताटलीत ठेवली.

"म्हणजे ग्रहण नव्हतं."

"नव्हतं."

"हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"संशय होता. खात्री नव्हती."

"संशय तरी मला द्यायचा होता की. मी एकतीस वर्षं खात्री घेऊन बसले." तिने ताटली बाजूला सरकवली. "तुमच्या अम्मा जाण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, झालं ते झालं, मी तुला क्षमा केली. मी त्यांच्या पाया पडले हो. तुम्ही खोलीतच होता."

मी खोलीतच होतो.

ती उठून आत गेली. चूळ भरल्याचा आवाज आला. दारातूनच ती म्हणाली, "मुलीला तुम्ही सांगा. आजच. मी सांगणार नाही."

संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेलो. जावई नुकताच कामावरून आला होता, त्याच्या पायांत अजून मोजे होते. मी दोघांना समोर बसवून सांगितले. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की मुलीने पंखा बंद केला.

"आत्या ताट घेऊन आली त्या दिवशी हे तुमच्या मनात होतं, अप्पा?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी लग्न याच्याशीच केलं असतं. पण तपासून केलं असतं." मी पांढऱ्या रोपांविषयी काही बोलू लागलो, तशी ती म्हणाली, "आता मक्याचं काही सांगू नका. मी कणीस नाही."

तिने उठून पंखा पुन्हा लावला. मग जावयाने विचारले, "मामा, गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी आम्ही चौघेही गेलो. तज्ज्ञबाई वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी माझा कागद बारकाईने पाहिला आणि तिरपी रेघ मारलेल्या चौकोनावर बोट ठेवून त्या पत्नीकडे वळल्या. "या बाळाचं तुम्हाला काय काय आठवतं? जे आठवेल ते सांगा."

पत्नीने सांगितले. दूध सुटले, झोप वाढली, अंग ताठ होई. मग ती थांबली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लंगोटांना वास येई. करपलेल्या पाकासारखा. माझाच भास असेल."

तज्ज्ञबाईंनी पेन खाली ठेवले. "कसला वास म्हणालात? पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितले. एकतीस वर्षांत प्रथमच कोणी तरी तिला ते पुन्हा सांगायला लावले होते.

बाईंनी समजावून दिले. दुधातल्या प्रथिनांचे काही घटक शरीराला पचवता येत नाहीत असा एक आजार आहे. ते साठत जातात, मेंदूवर चढतात, आणि लघवीला तसा वास येतो. जन्मतःच ओळखला तर वेगळे दूध देऊन मूल वाचवता येण्याची आशा असते. त्यांनी चौघांचे रक्त घ्यायला सांगितले. "मुलगी आणि जावई दोघांतही हा दोष असला, तर बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. भिववायला सांगत नाही. नात्यातल्या लग्नांतली बहुतेक मुलं ठणठणीत असतात."

चारात एक. हे गणित मी वाफ्यात रोज पाहतो. चाळीस रोपांच्या ओळीत सुमारे दहा. इथे ओळीत रोप एकच होते.

अहवालाला तीन आठवडे लागले. त्या काळात मी कामावर जात होतो, पिशव्या बांधत होतो, आणि नव्या ओळींकडे जाण्याचे टाळत होतो. पत्नी जेवायला वाढी, औषधाची आठवण करी. त्यापलीकडे बोलत नसे. मध्येच एकदा अक्काचा फोन आला.

"रक्त तपासायला दिलंत म्हणे? त्यात काय बघायचं रे, एकच तर रक्त आहे आपलं!"

"अक्का, म्हणूनच दिलं," मी म्हणालो, आणि तिलाही सगळे सांगितले.

"मग तू नारळ का उचललास?" तिने विचारले.

"भ्यालो."

"कुणाला? मला?"

याचे खरे उत्तर फार लांब होते. मी "हो" म्हणालो आणि तीही एक लबाडीच झाली, कारण अक्काने ती पुढे स्वतःच्या अंगावर घेतली. दोन दिवस ती जेवली नाही असे जावयाने सांगितले. मग मी तिरुवैयारूला जाऊन ती दुरुस्त करून आलो.

अहवालाच्या दिवशी आम्ही पुन्हा चौघे. जावयाने मुलीचा हात धरला होता. तज्ज्ञबाईंनी वेळ लावला नाही. माझ्यात तो दोष होता. पत्नीत तोच होता. मुलीत होता. जावयात नव्हता.

"म्हणजे बाळाला हा आजार होणार नाही," त्या म्हणाल्या. "फार तर तुमच्यासारखा दोष लपून राहील. मी या आजारापुरतं बोलतेय. बाकी कशाची हमी कुणीच देऊ शकत नाही."

मुलगी रडली, मग नाक पुसत नवऱ्याला म्हणाली, "बघ, तुझी सायकल ढकलली ते बरंच केलं," आणि त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही, तिलाही नाही. मी आनंदलो नाही असे म्हणणार नाही. पण भीती जशी होती तशीच राहिली. अक्काकडे तो दोष असलाच, तर तो तिच्या मुलाला आला नाही, एवढेच घडले होते. फासा कोणत्या बाजूने पडला यात माझे काही नव्हते. तो कोणाच्या पटावर पडू दिला, यात सर्व काही होते.

आम्ही उठलो, पण पत्नी बसूनच राहिली. "त्या आजाराचं नाव काय म्हणालात?" तिने बाईंना विचारले. "एका कागदावर लिहून द्या. तमिळमध्ये लिहा, मला वाचता आलं पाहिजे."

बाईंनी लिहून दिले. नाव लांबलचक आणि परदेशी होते, कुठल्याशा थंड देशातल्या झाडाच्या पाकावरून पडलेले. पत्नीने ते अक्षर अक्षर लावून वाचले, मग एकदा सलग वाचले. कागदाची घडी करून तिने आपल्या पाकिटात ठेवली.

बाहेर रिक्षाजवळ मी म्हणालो, "घरी गेल्यावर त्याचा अर्थ नीट सांगतो."

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला काही विचारायचं असलं तर मी बाईंना विचारीन. त्यांनी नंबर दिला आहे."

ती मुलीशेजारी मागे बसली, जावई त्यांच्या पलीकडे. मागे जागा उरली नाही. मी पुढे, चालकाच्या बाकाच्या कडेवर अंग चोरून बसलो, आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून पाहत राहिलो.